नमुना आणि नाव : भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाचा इतिहास

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंची साठवण, ही समजूत अपुरी आहे. वस्तू निवडणे, त्या एका क्रमाने मांडणे आणि त्यांच्यापुढे नावपट्टी लावणे या तिन्ही अर्थनिर्मितीच्या क्रिया होत. नावपट्टीचा निवेदक तृतीयपुरुषी असतो. तो स्वतः दिसत नाही आणि म्हणूनच त्याचे म्हणणे निर्विवाद वाटते. मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय, संहिता म्हणून वाचले तर हा निवेदक कोण आणि तो कोणाविषयी बोलतो हे प्रश्न टाळता येत नाहीत.

मराठीत ‘म्यूझियम’साठी अजबखाना, पदार्थसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय असे शब्द रूढ झाले. पहिल्यात विस्मय आहे, दुसऱ्यात उपयोग आहे, तिसऱ्यात तटस्थता आहे. या संस्थेचा जन्म मधल्या शब्दाच्या अर्थकक्षेत झाला. पॅरिसच्या १८५५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल व कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. त्यांच्या जोडनमुन्यांतून फोर्टमधील टाउन बरॅक्समध्ये संग्रहालय उभे राहिले. म्हणजे येथील आद्य घटक कलाकृती नव्हे, तर नमुना होता. नमुना स्वतःसाठी बोलत नाही. तो आपल्यासारख्या इतर असंख्य वस्तूंच्या वतीने बोलतो आणि त्या बदल्यात त्याचे वेगळेपण नाहीसे होते. १८५७ च्या उठावात बरॅक्स सैन्याला हवी झाली, तेव्हा हा संग्रह तेथून हलवण्यात आला व त्याची मोठी हानी झाली. ज्ञान आणि सत्ता यांच्या नात्यात अग्रक्रम कोणाचा, हे त्या एका घटनेने दाखवून दिले.

पुढचा प्रयत्न मात्र केवळ सरकारी नव्हता. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वर्गणीसाठी पुढाकार घेतला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहराला शब्दांत मांडण्याची आणि वस्तूंत मांडण्याची प्रेरणा एकाच सुमारास प्रकट व्हावी, हे लक्षणीय आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, १८६५ मध्ये शेअरबाजार बुडाला आणि बांधकाम थांबले. अखेरीस सरकारी खर्चाने ते पुरे होऊन २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम’ लोकांसाठी खुले झाले.

बर्डवुड यांच्या ‘द इंडस्ट्रिअल आर्ट्स ऑफ इंडिया’ (१८८०) या ग्रंथाने भारतीय कारागिरीचा मनापासून गौरव केला. पण त्याच बर्डवुडांनी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत भारतात ललितकला असल्याचे नाकारले. या दोन भूमिकांत वरवर दिसतो तितका विरोध नाही. कारागिरी परंपरेची आणि कला व्यक्तीची, असा भेद एकदा गृहीत धरला की कारागिराचा गौरव करूनही त्याला नाव देण्याची गरज उरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स यांच्या काळात संग्रहालयात आलेल्या मातीच्या प्रतिकृती याच व्याकरणाने घडल्या. पगड्यांचे प्रकार, व्यवसाय, जातिसमूह असे सारे त्यांत आहे. प्रत्येक चेहरा बारकाईने घडवलेला आहे. परंतु तो चेहरा कोणा एकाचा नाही. मुंबईचा कष्टकरी संग्रहालयात आला तो नागरिक म्हणून नव्हे, प्रकार म्हणून.

ज्यांचे नाव पुढे या संस्थेला मिळाले, त्या भाऊ दाजींची विद्वत्ता नेमकी उलट दिशेने काम करीत होती, हा या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण विरोधाभास होय. व्यवसायाने वैद्य असलेल्या भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. तेथील सोळाव्या लेण्याच्या लेखात वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव दाता म्हणून उभा आहे. शिलालेखाचा वाचक मूक दगडाला नाव मिळवून देतो. त्याच अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृतिबंध मात्र जे. जे. कलाशाळेच्या मृत्पात्रांवर नक्षी म्हणून उतरले, आणि ती पात्रे या संग्रहालयात पोचली. एका वाचनात अजिंठा हा लेख आहे, दुसऱ्यात अलंकरण. संग्रहालयाने दुसरे वाचन स्वीकारले.

१९७५ मध्ये संस्थेचे नाव बदलले. हे नामांतर न्याय्यच होते. तथापि शीर्षक बदलल्याने संहितेचा निवेदक बदलत नाही. संग्रहालयाचा परिसरच याची साक्ष देतो. काळा घोडा येथून १९६५ मध्ये हलवलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा येथे आला. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिले तो पाषाणी हत्तीही येथेच आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. पदच्युत सत्ताधीश आणि फुटून सांधलेला हत्ती यांना शेजारी ठेवणारी जागा स्वतःच्या भूतकाळावर भाष्य करू शकते. मात्र ते भाष्य कोणी तरी लिहावे लागते.

२००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. २००५ मध्ये त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-पुरस्कार लाभला व २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. त्यानंतर जितीश कल्लाट, अतुल डोडिया आदी चित्रकारांनी जुन्या कपाटांच्या सान्निध्यात आपल्या कृती मांडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या संहितेत विसंवादी स्वर आणण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे. तरी एक असमतोल येथे लक्षात घ्यावा लागतो. आजचा चित्रकार स्वतःच्या नावानिशी या दालनात प्रवेश करतो. त्याच्या शेजारची मातीची मूर्ती अजून निनावीच असते. इमारतीचे छत, ओतीव लोखंडाचे खांब आणि सोन्याचा मुलामा पूर्ववत करता येतो. नमुन्याला नाव देणे त्याहून अवघड आहे, कारण त्यासाठी वस्तू नव्हे, नावपट्टी नव्याने लिहावी लागते. भाऊ दाजींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूकडून ही अपेक्षा ठेवणे हेच त्या नामांतराचे गांभीर्याने केलेले वाचन ठरेल.