भारतीय सांकेतिक भाषेचा अभ्यासक्रम
भारतीय सांकेतिक भाषेचा अभ्यासक्रम प्रामुख्याने दुभाषी व शिक्षक घडवण्यासाठी आखला जातो. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने २००१ मध्ये या भाषेसाठी कक्ष स्थापून दुभाषी पदविका सुरू केली. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले.

आखणीतील खरा प्रश्न शब्दसंग्रहाचा नसून व्याकरणाचा आहे. नवशिके मराठी वाक्यातील शब्दाशब्दाला खूण जोडत जातात. ती सांकेतिक भाषा नव्हे, हातांनी बोललेली मराठी होय. या भाषेत प्रश्नवाचक व नकारदर्शक खुणा बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. हो-नाही उत्तराचा प्रश्न तर मुख्यतः उंचावलेल्या भुवयांवरून ओळखला जातो. हातांच्या खुणा त्याच राहून चेहरा कोरा राहिला, तर रुग्णालयात डॉक्टरांच्या ‘दुखते का?’चे रुग्णापुढे ‘दुखते’ होते. हा भेद छापील चित्रांवरून शिकवणे जवळजवळ अशक्यच. म्हणून आरंभीचे तास आवाजाविना घ्यावेत आणि शिक्षक शक्यतो स्वतः कर्णबधिर असावा. लेखी परीक्षाही पुरेशी नसते. विद्यार्थ्याच्या सादरीकरणाचे चित्रीकरण तपासावे लागते.

शहरागणिक अनेक खुणा बदलतात, व्याकरण मात्र बव्हंशी समान आहे. त्यामुळे स्थानिक खुणांना ‘चूक’ ठरवणे योग्य नव्हे. केंद्राच्या शब्दकोशात २०१८ मध्ये सुमारे ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये ते १०,०००वर गेले. संदर्भासाठी हा कोश उपयुक्त आहे. क्रमिक पुस्तकाची जागा तो घेत नाही.