घास अडकण्याआधी: अन्ननलिकेच्या कर्करोगाची शंभर वर्षं

माकुणसार, सफाळे, केळवे या पट्ट्यात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे आपलं तारापूर आणि परळचं टाटा, दोघांचं खातं एकच. असो, आजचा विषय अन्ननलिकेचा कर्करोग, आणि तोही अगदी सुरुवातीचा.

१९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक या सर्जनने ६७ वर्षांच्या एका बाईची छातीतली अन्ननलिका कापून काढली. तिच्या जागी जोडायला काहीच नव्हतं. मग मानेतलं भोक आणि पोटातलं भोक यांच्यामध्ये बाहेरून रबराची नळी लावली. बाई त्या नळीतून जेवायची, आणि तशी बारा-तेरा वर्षं जगली! पुढे जठरच वर ओढून जोडायची युक्ती आली. इंग्लंडमध्ये १९४६ साली आयव्हर लुईस यांनी मांडलेली पद्धत आजही वापरतात. पण पोट आणि छाती दोन्ही उघडायची, म्हणजे मोठंच ऑपरेशन.

गाठ छोटी असली तरी एवढं सगळं करायचं? इथे प्रश्न खोलीचा आहे. कर्करोग आतल्या पातळ अस्तरातच असेल तर तो गाठींपर्यंत सहसा पोचलेला नसतो. अस्तराखालच्या थरात मात्र लसिकावाहिन्यांचं जाळं असतं. तिथे तो उतरला की साधारण पाचांतल्या एकाच्या गाठींत सापडतो, खोल गेला तर त्याहून जास्त.

ही खोली ओळखून फक्त अस्तर काढायचं, हे काम जपान्यांनी केलं. दुर्बीण आत घालून आयोडिन फवारतात. निरोगी अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला डाग फिकाच राहतो. १९९० च्या आसपास असे डाग दुर्बिणीतूनच कापायला लागले. पुढे अख्खा डाग एका तुकड्यात सोलून काढता यायला लागला. छाती उघडायची गरज नाही. डाग नळीभोवती बराच पसरला असेल, तर नंतर नळी आवळते आणि ती पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते, हा मात्र त्रास आहे.

अस्तराखाली उतरलेल्या पण गाठी नसलेल्यांसाठी, निवड अजून मोकळी आहे. २०२१ मध्ये आलेल्या जपानी अभ्यासात ऑपरेशन केलेले ८६.५ टक्के, आणि केमो-रेडिएशन घेतलेले ८५.५ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. बहुतेकांनी आपला उपचार स्वतः निवडला होता, हेही लक्षात ठेवा. केमो-रेडिएशनवाल्यांतल्या काहींना रोग परत आल्यावर पुन्हा दुर्बीण किंवा ऑपरेशन लागलं, पण बऱ्याच जणांची अन्ननलिका शाबूत राहिली. गाठी असतील तर गणित वेगळं, तिथे आधी केमो, कधी सोबत रेडिएशन, मग ऑपरेशन.

अडचण अशी, की अन्ननलिका ताणली जाते. भाकरीचा घास अडकायला लागतो तोवर रोग बहुधा पुढे गेलेला असतो. म्हणून तंबाखू-दारूची जुनी सवय असलेल्यांची, आणि तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेल्यांची, दुर्बिणीची तपासणी महत्त्वाची. डाग काढून झाला तरी तपासण्या चालूच ठेवतात, कारण त्याच नळीत दुसरीकडे नवा डाग उगवू शकतो.