भंगारात जाणारे आवाज

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की गल्लीत भंगारवाल्याची हाक येते. माळ्यावरचा जुना रेडिओ, तुटका कर्णा, काळ्या तबकड्यांची चळत किलोच्या भावाने त्याच्या गाडीवर चढते. तीच वस्तू पुढे मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शौकीन लोक शोधत फिरतात. म्हणून आज आपण या वस्तूंचा इतिहास बघू.

त्या काळ्या तबकडीत आपल्या ओळखीची एक वस्तू आहे. ती म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा वाढतो. आपल्या बांगड्यांना लागते तीच ही लाख. तिच्यात दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून तबकडी घडवत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे.

1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आले आणि नोव्हेंबरात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तेव्हा घरंदाज बाईने चारचौघांत गाणे कमीपणाचे मानत. त्यामुळे पहिल्यांदा पुढे आल्या त्या गाण्यावर पोट असलेल्या बाया. तबकड्या तेव्हा जर्मनीत तयार होत. गाणे कोणाचे ते तिथल्या कारागिरांना कळावे, म्हणून गौहर जान शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत, असे म्हणतात. ज्या बाईला समाज मान देत नव्हता, तिचे नाव तिच्याच आवाजात टिकून राहिले. पुढे 1908 मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला, आणि हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका तबकडीवरून घराघरांत पोचल्या.

मग रेडिओ आला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 च्या जुलैत सुरू झाले. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. ते परवान्याचे पुस्तक घरात सापडले, तर तेही रेडिओसोबत जपून ठेवा.

आता विकण्याआधी काय बघायचे? तबकडीवरचा कागद वाचा. गायकाचे नाव, भाषा, क्रमांक वहीत उतरवा. एकाच बाजूला गाणे असेल तर ती फार जुनी समजा. प्रत्येक जुनी वस्तू महाग नसते. पण वाचल्याशिवाय वजनावर देऊ नका. तबकडी मऊ कोरड्या कापडाने पुसा. स्पिरिट लावू नका, त्याने लाख विरघळते. तबकड्या उन्हापासून दूर, उभ्या ठेवा. जुन्या रेडिओची पिन थेट बोर्डात घालू नका. आतले भाग सुकलेले असतात, शॉक बसू शकतो. आधी जाणकार मेकॅनिकला दाखवा. आणि विकत घेणार असाल, तर चकचकीत पितळी कर्ण्याला भुलू नका. तसे कितीतरी ग्रामोफोन आज नवे जोडून जुने म्हणून विकतात.

बाजारात भाव नसलेली, पण सगळ्यात मोलाची एक वस्तू आपल्या घरांत असू शकते. ती म्हणजे घरी भरलेली कॅसेट. हेमा राईरकर आणि गी पोएतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या उरल्या. जाते थांबले तशी ओवीही थांबत गेली. तुमच्या आजीची ओवी, आईचे डोहाळे, बारशाचा पाळणा एखाद्या कॅसेटवर असेल, तर ती आधी मोबाइलमध्ये भरून घ्या. फीत दरवर्षी झिजते, बुरशी धरते. गौहर जान यांचे नाव तबकडीने राखले. आपल्या आजीचे नाव आपणच राखायचे आहे. पुढच्या बचतगटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या अशा वस्तूंची यादी घेऊन या. वही आम्ही आणतो.