सुताने सरळ केलेली गाडी

इंदूरच्या मोटारींचा विषय निघाला की आपण यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गवर येऊन थांबतो. आज जरा साधी गोष्ट सांगतो, मिलच्या फिटरची.

आमचे नाना हुकुमचंद मिलमध्ये फिटर. १९८६ साली मी स्टाफ लोनवर जुनी पद्मिनी घेतली तेव्हा ते रिटायर झाले होते. पुढचे दोन्ही टायर नवे टाकले आणि चार महिन्यांत त्यांच्या आतल्या कडा झिजून करवतीसारख्या झाल्या. गॅरेजवाल्याने टाय-रॉडचे एंड बदलले होते, माप काही घेतलं नव्हतं. सुट्टीत मुलांना घेऊन महाराष्ट्रात जायचं, वाटेत मानपूरचा घाट. मी घाबरलोच.

नाना म्हणाले, "अरे, मिलमध्ये एवढे लांब शाफ्ट आम्ही सूत लावून सरळ करायचो. हिची तर दोनच चाकं बघायची!"

अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या. पुढचं एकेक चाक जॅकवर उचललं, टायरच्या मधोमध खडू फासला आणि विटेवर टेकवलेल्या खिळ्याने, चाक फिरवत, बारीक रेघ ओढली. जॅक काढून गाडी थोडी पुढे ढकलली, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. मग आसाच्या उंचीवरून, चाकाच्या पुढे आणि मागे, ओळंबा सोडून रेघांच्या खुणा फरशीवर उतरवल्या आणि टेप लावली. पुढचं अंतर मागच्यापेक्षा पाच मिलिमीटर जास्त! हवं होतं उलट. चालताना पुढची चाकं बाहेर फाकतात, म्हणून ती आधीच किंचित आत वळलेली लागतात.

लॉकनट सैल करून दोन्हीकडचे रॉड सारखेच फिरवले, नाहीतर स्टिअरिंग तिरकं बसतं. दर खेपेला गाडी ढकला, पुन्हा मोजा. चौथ्या खेपेला मी म्हटलं, "नाना, जाऊ द्या, एक मिलिमीटरच तर आहे."

"बँकेत एका रुपयाचा फरक सोडतोस का रे?"

मी गप्प. टोटल जुळेपर्यंत रात्री आठ-आठपर्यंत बसणारा माणूस मी! घाट सुखरूप पार पडला, पुढचे टायरही पुरते टिकले.

१९९१ साली मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर नाना आणि त्यांच्या बरोबरीचे कितीतरी गेले. पैशांचा हिशेब उशिरा का होईना, झाला. त्यांच्या हातातलं कसब मात्र कुठल्याच खात्यात जमा झालं नाही. तुमच्या घरी कोणी मिलवाले असतील तर लिहून ठेवा, मंडळी. नोंद तरी राहील.