तळटीप ७ : मगरिब ते दिवेलागण

७. भालकी हे बीदर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव; १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात, मग म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात. ‘मगरिब’ म्हणजे सूर्य मावळताच होणारी नमाज. तिची बांग ऐकून आई कंदिलाची काच राखेने पुसायला घेते. दिवेलागण त्यानंतरची : अंगणातला माणूस चेहऱ्यावरून नव्हे, आवाजावरून ओळखावा लागतो, ती वेळ.

या दोहोंमध्ये उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा.

घड्याळात मात्र ही वेळ वर्षभर सरकत राहते. बीदरला नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, जूनअखेर सातच्या सुमारास. शिवाय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि बीदर ७७.५ अंशांवर, त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २० मिनिटे मागे चालतो. म्हणून मूळ शब्दाच्या जागी ‘सात वाजता’ घातलेले नाही.