तंबूतला चौकोन

हल्ली प्रोजेक्टरचं चित्र वाकडं पडलं की आपण रिमोटवर 'कीस्टोन' शोधतो. पण धुळे-जळगावकडच्या जत्रांत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांकडे कुठलं आलंय बटण! यंत्र ट्रकमध्ये, पडदा तंबूच्या दुसऱ्या टोकाला आणि खाली ओबडधोबड जमीन. यंत्राचं तोंड वर केलं की चित्र वरच्या बाजूला फाकणार. उपाय दोनच : यंत्र पडद्याच्या मध्याइतकं उंच न्या, नाहीतर पडदाही तेवढाच कलवा.

पुढे १९५९ मध्ये 'कागज के फूल'बरोबर हिंदीत सिनेमास्कोप आला. २० फूट रुंद पडद्यावर जुनं चित्र १५ फूट उंच पडायचं, सिनेमास्कोपचं जेमतेम साडेआठ! उंची वाढवावी तर कडेचे नट थेट तंबूच्या कापडावर...

बटण चित्रालाच दाबून चौकोनात बसवतं, त्यात थोडे ठिपके वाया जातात. तंबूत मात्र चित्राऐवजी ट्रक सरकायचा, दोर ताणले जायचे. समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या गावात थिएटरच नव्हतं. जत्रेत दिसेल तोच त्यांचा सिनेमा.

'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजची अखेरची धडपड दिसते. मिळाला तर जरूर बघा.