ज्येष्ठांचे विद्यापीठीय शिक्षण (महाड व पोलादपूर)

नोकरी-धंद्याचा किंवा संसाराचा मुख्य भार उतरल्यावर, साधारणपणे साठीच्या पुढे, विद्यापीठात किंवा विद्यापीठाशी जोडलेल्या व्यवस्थेत घेतलेले शिक्षण. पदवी आणि प्रमाणपत्रांबरोबर विनापरीक्षा व्याख्यानमाला व वाचनवर्गही त्यात मोडतात. दक्षिण रायगडात, सावित्रीच्या खोऱ्यातल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांत हे शिक्षण एका छताखाली नाही. मुक्त विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाची संलग्न महाविद्यालये, सरकारी साक्षरता वर्ग आणि सांप्रदायिक ग्रंथाभ्यास असे त्याचे तुकडे पडले आहेत आणि त्यांची आपापसांत फारशी ओळख नाही.

शिकणारा कोण, हे आधी पाहायला हवे. या दोन तालुक्यांतल्या पुरुषांच्या कित्येक पिढ्या मुंबईत चाकरमानी म्हणून राबल्या. गिरण्या, गोदी, पोलीस खाते, बेस्ट अशा ठिकाणी उमेदीची वर्षे घालवून ते पेन्शन किंवा फंडाचे पैसे घेऊन गावी परतले. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याच्या नावातच सैन्य आहे. फौजी माणूस तर चाळिशीच्या आगेमागेच घरी येतो, म्हणजे त्याच्यापुढे तीस-चाळीस वर्षे मोकळी असतात. त्याला वर्तमानपत्राची सवय असते, अर्ज लिहिता येतो, गावकीत त्याच्या शब्दाला वजन असते. बायकांची गोष्ट वेगळी. नवरा मुंबईला असताना शेत, गुरे आणि सासू-सासरे त्यांनीच सांभाळले. निवृत्तीचे वय त्यांना लागूच होत नाही, कारण लावणीतून कोणी रिटायर करत नाही. ‘निवृत्तांसाठी’ म्हणून आखलेली योजना इथल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच शब्दाला वगळते.

निवृत्तीनंतर पुस्तकाकडे वळलेल्या माणसाचा या भागातला ठळक दाखला एकोणिसाव्या शतकातला आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. त्या काळी पलटणींच्या शाळांत प्रौढ शिपाईही अक्षरे गिरवीत. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्या अस्पृश्यांना बसू दिले जात नसे, त्यांना सरकारी बंदुकीबरोबर पाटीही मिळाली. वलंगकरांनी पेन्शनीची वर्षे धर्मग्रंथ वाचण्यात, ‘दीनबंधू’सारख्या पत्रांत लिहिण्यात आणि लोकांना समजावण्यात घालवली. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असे त्यात त्यांनी शास्त्र सांगणाऱ्यांनाच विचारले. 1895 मध्ये ते महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले आणि सवर्ण सभासदांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नाही. तरी उतारवयातल्या अभ्यासाला काय धार असू शकते, हे दाखवायला याहून जवळचे उदाहरण महाडला मिळणार नाही. 20 मार्च 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे जी वाचणारी पिढी उभी होती, तिच्या आधीची पायरी या पेन्शनरांची आहे. आजही 20 मार्चला आणि मनुस्मृतिदहनाच्या दिवशी, 25 डिसेंबरला, तळ्याभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे चष्मा कपाळावर चढवून, पुस्तिका डोळ्यांजवळ धरून चाळणारी माणसे बरीचशी साठीपुढची असतात.

जगात या शिक्षणाला स्वतंत्र घर मिळाले ते 1973 मध्ये, फ्रान्समधल्या तुलूझला. प्रा. प्येर व्हेलास यांनी तिथल्या विद्यापीठात ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ उघडले. ब्रिटनमध्ये 1980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ही कल्पना पोचली आणि तिचे रूपच पालटले. तिथे प्राध्यापक नाहीत, परीक्षा नाही. निवृत्त रेल्वे कर्मचारी इतिहास सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तोच निवृत्त परिचारिकेकडून वनस्पती ओळखायला शिकतो. चीनमध्ये 1983 मध्ये जिनान शहरात वृद्धांचे विद्यापीठ निघाले. भारतात मात्र विद्यापीठांनी वेगळा रस्ता धरला. ज्येष्ठांसाठी निराळी संस्था न काढता वयाची अटच काढून टाकण्यावर त्यांचा भर राहिला.

या रस्त्याच्या आरंभाशी महाड तालुक्याचे एक नाव आहे. नाते या गावी 1896 मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1956 ते 1961 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी त्या विद्यापीठात पत्राद्वारे पदवीशिक्षण सुरू झाले. वर्गात न बसता पदवी घेता येते, ही गोष्ट देशात इथून रुजली. 1971 मध्ये मुंबई विद्यापीठाने आपली दूरशिक्षण संस्था काढली, 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रम ठेवला आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही पदवीची वाट मोकळी केली. वयाला वरची मर्यादा नव्हती. घरी पुस्तके येतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे होतात, गृहपाठ द्यायचा आणि वर्षाअखेर परीक्षा. वयाने मोठा विद्यार्थी पहिल्या सत्राला मागच्या बाकावर बसतो आणि शिपाई त्याला ‘कोणाला न्यायला आलात, काका?’ असे विचारतो. हे कुठल्याही अभ्यासकेंद्रावर घडते.

संलग्न महाविद्यालयांचा मामला थोडा गमतीचा आहे. महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आणि पोलादपूरचे सुंदरराव मोरे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. अध्यापन व संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग आहे, असे अनुदान आयोगाने 1977 मध्ये मान्य केले. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1978 ला, राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्या लाटेतून विद्यापीठांत जे विभाग उभे राहिले त्यांपैकी मुंबई विद्यापीठाचा विभाग आज ‘आजीवन अध्ययन व विस्तार विभाग’ म्हणून ओळखला जातो. नाव आजीवन अध्ययनाचे, पण त्यात नाव नोंदवतो तो विशीतला विद्यार्थी. त्याने 120 तास सर्वेक्षण, स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास, लोकसंख्याशिक्षण असे काही काम करायचे, ‘उडान’ महोत्सवात पथनाट्य बसवायचे आणि 10 वाढीव गुण मिळवायचे. काम वाईट नाही. पण त्यात म्हातारा माणूस दिसतो तो प्रश्नावली भरून देणारा म्हणून. वर्गखोल्या दुपारनंतर रिकाम्या पडतात, ग्रंथालय उघडे असते, प्राध्यापक गावातच राहतात आणि तरी पेन्शनरासाठी फाटक उघडते ते फक्त स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून.

अडचण बुद्धीची किंवा इच्छेची क्वचितच असते. ती वेळापत्रकाची आणि वाटेची असते. प्रवेश जून-जुलैत सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच लावणी असते, माणूस गुडघाभर चिखलात असतो. पहिल्या सत्राचे काम ऐन रंगात येते तेव्हा भातकापणी. उन्हाळ्यात परीक्षा, तर तेव्हा मुंबईकर मंडळी गावी आलेली, लग्ने आणि जत्रा एकावर एक. पावसाळ्यात आंबेनळी घाट किंवा वाड्यांचे रस्ते दरडीने कधी बंद होतील याचा नेम नाही. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना वस्तीची गाडी हाच आधार असतो. ती सकाळी खाली जाते आणि संध्याकाळीच वर येते. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना अर्धे तिकीट आणि 2023 च्या मार्चपासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्धे. ज्येष्ठांच्या शिक्षणाला या सवलतींचा उपयोग कोणत्याही शैक्षणिक परिपत्रकापेक्षा जास्त व्हावा; मात्र गाडीच्या वेळेला जुळणारा वर्ग हवा.

विद्यापीठाबाहेर, पण शिस्तीने विद्यापीठाच्या जवळ जाणारा एक अभ्यास या भागात चालत आला आहे. दासबोध जिथे लिहिला गेला असे मानतात ती शिवथरघळ महाड तालुक्यात आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये ती उजेडात आणली. दासबोधात 20 दशक, 200 समास आणि 7,751 ओव्या आहेत. रोज एक समास धरला तर ग्रंथ सहा-सात महिन्यांत पुरा होतो. घरी, देवळात किंवा सप्ताहात असा नेम धरणाऱ्यांत साठीपुढची माणसेच जास्त. पोलादपूरकडे वारकरी परंपरा मोठी, त्यामुळे ज्ञानेश्वरीचे पारायणही तितकेच. कडेला पेन्सिलीने अर्थ टिपलेली, दोऱ्याने पुन्हा शिवलेली पोथी अशा घरात सापडते. कोश लिहिणाऱ्यांनी हे ‘धार्मिक’ या खान्यात टाकून पुढे जाऊ नये. कठीण मराठी पद्य वर्षानुवर्षे वाचण्याची, त्यावर वाद घालण्याची आणि पाठ करण्याची एवढी सवय पदवीधरांतही सहसा आढळत नाही.

सर्वांत खालची पायरी साक्षरतेची. 2022 ते 2027 या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. महाराष्ट्रातली पहिली परीक्षा 17 मार्च 2024 ला झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50, एकूण 150 गुण. जो उत्तीर्ण होत नाही त्याला नापास न म्हणता ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला सुरू केलेली आजीबाईंची शाळा याच पायरीची. गुलाबी नऊवारी नेसलेल्या साठ ते नव्वद वयाच्या बाया घरची कामे उरकून दुपारी दोन तास तिथे येतात. सही आली, नातवाच्या पुस्तकातली कविता वाचता आली, बसची पाटी कळली, की पुढचा वर्ग कोणता याला उत्तर नाही. साक्षरतेचे प्रमाणपत्र आणि मुक्त विद्यापीठाचा प्रवेशअर्ज यांच्या मधली इयत्ता महाड-पोलादपुरातही कोणी उघडलेली नाही.